परत न आलेला माऊस

धरमपेठ, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय गोपिकाबाई,

‘प्रिय’ या एका शब्दापायी मी दोन-तीन कागद फाडले आहेत. दुकानाच्या पत्रांचं सोपं असतं. वर ‘महोदय’, खाली ‘आपला विश्वासू’, त्याखाली शिक्का, की झालं. तुम्हाला ‘महोदया’ लिहिलं असतं तर तुम्ही पुढचं न वाचताच हसत सुटला असता, आणि तुमचं हसू मला समोरासमोरही धड झेपत नाही. तेव्हा ‘प्रिय’ लिहिलं आहे आणि ते आता खोडणार नाही. राग आला तर पत्र पूर्ण वाचा आणि मग या, एकदाच काय ते भांडून घेऊ. फोन करता आला असता, तुमचा नंबर माझ्याकडे ‘गोपिकाबाई माऊस’ या नावानं आहे. पण फोनवर मी ‘हॅलो, दुकानातून बोलतोय’च्या पुढे जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं, तर तुम्ही वाचलं की नाही हे सांगणाऱ्या त्या दोन निळ्या खुणांकडे टक लावून बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

मुद्दा माऊसचा आहे. दसऱ्याच्या आधी तुम्ही माझ्या दुकानातून तो उभा माऊस नेलात, तो अजून परत आणलेला नाही. दिवाळी होऊन गेली, तुळशीची लग्नं लागली, बर्डीच्या बाजारात संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या राहिल्या, तुमचा पत्ता नाही. याचा मी काय अर्थ काढायचा? वर्षभर तुम्ही माझ्याकडून नेलेला एकूण एक माऊस परत आणलात. इतर गिऱ्हाइकांना मी आठ दिवस देतो. तुमच्यासाठी त्या आठ दिवसांचा कधी महिना झाला, कधी दीड महिना, मी चकार शब्द काढला नाही. आणि आता एकाएकी तुम्ही एक माऊस ठेवून घेता, आणि तो आवडला की नाही हेसुद्धा सांगायला येत नाही! वर मंगळवारी शेजारचे झेरॉक्सवाले भैय्याजी शटर उघडता उघडता मला म्हणतात, “गोपिकाबाई हैदराबादले चालल्या ना गा पोराकडे. महिनाअखेरीस. फ्लॅट भाड्यानं देऊन राहिल्या. तुले नाही सांगितलं का?” नाही सांगितलं. माऊसची वायर, माऊसचा दिवा, माऊसचं पोट, सगळ्याबद्दल ज्या बाईंनी माझ्याशी तासन्‌तास वाद घातला, त्यांना गाव सोडून जातो आहोत एवढं सांगायला फुरसत झाली नाही. त्या दिवशी मी दुपारचा डबा तसाच घरी नेला.

आता जाणारच आहात तर तुमच्या तक्रारींचा हिशेब एकदा मांडायला हवा. पहिला माऊस तुम्ही मागल्या वर्षी नवरात्रात घेतलात. कापडी पिशवीतून जुना काढून माझ्या काउंटरवर ठेवलात आणि म्हणालात, “भाऊ, हा मेला.” मी म्हणालो, “बघतो ताई.” तुम्ही गांधीबागेतल्या एका कापडवाल्यासाठी साड्यांच्या काठांची नक्षी कॉम्प्युटरवर काढून देता, भरतकामाच्या यंत्रात घालायला, हे तेव्हा कळलं. काम नाजूक, दिवसभराचं. मी साधा वायरचा माऊस दिला, टिकाऊ, उगीच थेर नसलेला. तो तुम्ही परत आणलात, कारण तुमचा कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली कोपऱ्यात आणि वायर तिथपर्यंत पुरेना. ही तक्रार मी मान्य केली. खरी होती. मग बिनवायरचा दिला, त्याचा तो नखाएवढा रिसीव्हर कुठे लावायचा ते दाखवलं, सेल कसा बदलायचा ते दाखवलं. तोही दिवाळीनंतर परत. काय म्हणे, “हातात काही धरलं आहे असं वाटूनच नाही राहिलं.” वायर होती तेव्हा वायर नको, काढली तर चुकल्यासारखं होतं! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. पण त्या दिवशी एक गोष्ट झाली ती मात्र मी लगेच टिपली. जाताना तुम्ही ‘भाऊ’ म्हणाला नाहीत. “येते जितेंद्रजी,” म्हणालात. आणि मीही त्यानंतर तुम्हाला ताई म्हणणं सोडलं. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे दुकानात पाऊल टाकणारी बाई सत्तरची असो की सतराची, ताई असते. मी तीस वर्षांत कुणाला सूट दिलेली नाही.

तिसरा माऊस बिनआवाजाचा. तो तुम्हीच मागितलात. पेपरात वाचलं होतं म्हणे. मी सांगत होतो, गोपिकाबाई, ही दवाखान्यात आणि लहान लेकरू झोपलेल्या घरात कामाची वस्तू आहे, तुम्ही एकट्या राहता, तुम्हाला टिकटिक झाली तर कुणाची झोप मोडणार आहे? ऐकलं नाहीत. मग महिन्याभरानं डबा पुढे सरकवून म्हणालात, “आवाजच नाही जी. क्लिक झालं का नाही झालं, काही समजून नाही राहिलं.” बिनआवाजाच्या माऊसला आवाज नाही ही तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्याच दिवशी तुमचं मनगट निघालं. म्हणजे तुम्ही डाव्या हातानं उजवं मनगट दाबत म्हणालात की आजकाल इथं दुखतं. झालं! माझं चित्त उडालं. मी रात्रंदिवस मनगटांबद्दल वाचायला लागलो. कोपर कुठे टेकवायचं, खुर्ची किती उंच हवी, माऊसखाली जेलची उशी ठेवावी की नाही, हे सगळं मी तुम्हाला कागदावर आकृत्या काढून समजावलं, आणि तुम्ही गालावर हात ठेवून ऐकत होता. माझ्या मुलीला, दीप्तीला, दहावीची भूमिती शिकवताना मी इतका जीव ओतला नव्हता.

मनगट दुखतं म्हणून चौथा, गोळ्याचा. माऊस जागचा हलवायचाच नाही, अंगठ्यानं फक्त त्यातला गोळा फिरवायचा. मुंबईहून मागवावा लागला. तो तुम्ही परत आणलात मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. नागपूरचा मे महिना, गोपिकाबाई! रस्त्यावर कुत्रं नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं. मी कूलरपुढे बनियनवर बसलो होतो आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळलेल्या, फक्त डोळे दिसणाऱ्या तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि म्हणालात, “अंगठा थकून राहिला.” मला शर्ट घालायला पाठ वळवावी लागली. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आला असता तर अंगठा काय तोवर गळून पडला असता? एवढं ओरडलो मी तुमच्यावर, आठवतं? पाणी दिलं, ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवता की नाही विचारलं. तुम्ही पाणी प्यालात आणि पिशवीतून काचेची बरणी काढून ठेवलीत. भिवापूरची मिरची, तुमच्या भावाच्या वावरातली, तुम्ही स्वतः कुटलेली. मी पुडीतलं तिखट वापरतो हे मागे कधीतरी बोललो होतो, त्यावर तुम्ही म्हणालात, “त्याले काय तिखट म्हणतात? त्याले रंग म्हणतात.” त्या रात्रीच्या वरणानं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. माझी बायको कामिनी गेल्यापासून माझ्या स्वयंपाकाला चव आहे की नाही हे मी पाहणंच सोडलं होतं. ती गेली तेव्हा मी कुकरच्या तीन शिट्ट्या शिकलो आणि तेवढ्यावर वर्षं काढली. आता मला पुडीचं तिखट चालत नाही. ही सवय तुम्ही लावलीत आणि चाललात हैदराबादला!

चिडून लिहितो आहे, पण एक गोष्ट मी आजवर तुमच्यापासून लपवली ती आता सांगतो. तो बिनआवाजाचा माऊस तुम्ही परत केलात, तेव्हा तुम्ही गेल्यावर मी त्याचं पोट उघडून पाहिलं. नव्या माऊसमध्ये सेलच्या तोंडाशी प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी असते. ती ओढून काढल्याशिवाय माऊस सुरू होत नाही. ती पट्टी जशीच्या तशी होती. जो माऊस सुरूच केला नाही, तो आवाज करेल कशाला! मी चक्रावलो. मग स्वतःची समजूत घातली, की बाई टापटिपीच्या आहेत, परत करायचा म्हणून पट्टी पुन्हा नीट बसवून दिली असेल. गोळ्याच्या माऊसचं तर मी पोट उघडलंच नाही. बघायची हिंमत झाली नाही म्हणा. पण पाचव्या वेळी तुम्ही हद्द केलीत. तो खेळणाऱ्या पोरांचा दिव्यांचा माऊस मी देतच नव्हतो, तुम्हीच हट्टानं नेलात. आणि नंतर म्हणालात, “लाल, निळे, पिवळे दिवे लागून राहतात, डोळे दुखतात.” गोपिकाबाई, सात रंग फक्त त्या खोक्यावरच्या चित्रात आहेत. आतल्या माऊसला एकच हिरवा दिवा लागतो. त्यावरून कॉलेजची पोरं येऊन रोज माझ्याशी भांडतात. म्हणजे तुम्ही तो माऊस लावला नव्हता. खोक्याचं चित्र पाहून तक्रार पाठ करून आला होता. आणि मी काय केलं? मान डोलावून म्हणालो, “हो, त्रास होतो खरा डोळ्यांना.” चहा सांगितला. तुम्ही गेल्यावर तो खोका हातात धरून मी एकटाच हसत बसलो होतो.

हसत बसलो नसतो, तेव्हाच काही बोललो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण बोलायचं कसं? समजा पट्टीचं म्हणणं बरोबर असेल, दिव्याचंही असेल, तरी त्यावरून साठीला आलेल्या माणसानं काय धरून चालायचं? बाई एकट्या आहेत, दुपार जात नसेल, चार गोष्टी बोलायला येत असतील. मी काही बोललो आणि तुम्ही उठून गेलात तर पुन्हा यायच्या नाहीत, हे भय. मी ठरवलं, असंच चालू दे. बाजारात माऊसना तोटा नाही. हे संपले तर बोटाएवढे आहेत, घडी पडणारे आहेत, अंगठीसारखे बोटात घालायचेही निघाले आहेत. मी यादीवरून नजर फिरवून पाहिलं होतं, आपल्याला पुरले असते.

आणि मग तो दिवस, दसऱ्याच्या आधीचा. तुम्ही नवा माऊस न्यायला पायरी चढत होता. दुकानात इंजिनिअरिंगची तीन-चार पोरं होती. भैय्याजी त्यांच्या दारात सुपारी कातरत उभे. त्यांना बोलताना आवाज लहान ठेवता येत नाही, जन्माची खोड आहे. म्हणाले, “काय गा जितू, ह्या बाई माऊस घ्यायले येतात का तुले पाहायले?” पोरं फिदीफिदी हसली. तुमचा पाय पायरीवरच थांबला. मला कानापर्यंत गरम झालं. त्या वेळी मी भैय्याजींना दोन शब्द सुनवायला हवे होते, नाहीतर निदान गप्प राहायला हवं होतं. मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. मी दुकानदार झालो. घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणालो, “या ताई, बसा ताई. आज तुमचा प्रश्न कायमचा मिटवूनच टाकू.”

ताई. वर्षभर गिळलेला शब्द, तोही दोनदा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मुकाट्यानं बसलात. मग मला काय संचारलं होतं कोण जाणे, मी फुटपट्टी घेऊन तुमचा तळवा मापला. मनगटापासून मधल्या बोटापर्यंत, मग रुंदी. तुमचा हात मी पहिल्यांदा धरला तो असा, चार पोरांपुढे, फुटपट्टीनं. त्या मापाचा उभा माऊस काढला, माझ्याच कॉम्प्युटरला जोडून तुमच्या हाती दिला. हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसा धरायचा, मनगट पिळत नाही. तुम्ही पडद्यावर कोयरीचा काठ काढून पाहिलात. रेघ कशी सुरेख आली! मी म्हणालो, “जमला की नाही?” तुम्ही म्हणालात, “जमला.” तुमचा चेहरा पडला होता. मला वाटलं, रंग पसंत नसेल. इतका मी हुशार! आमच्या बिलावर खाली छापलेलं असतं, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. तुमच्या प्रत्येक बिलावरची ती ओळ मी न चुकता पेनानं खोडत आलो होतो. त्या दिवशी पोरं बघत होती म्हणून खोडली तर नाहीच, उलट तिच्याखाली रेघ मारली. तुम्ही बिल वाचलंत, घडी करून पर्समध्ये ठेवलंत, चहाला नको म्हणालात आणि उठलात. “बरं भाऊ,” म्हणालात. पोरं गेल्यावर मी भैय्याजींशी भांडलो. ते मला म्हणाले, “मी तर मजाक केला गा. तू काहून असा खवळून राहिला?” त्यांच्याशी तीन दिवस बोललो नाही, पण त्यानं काय होणार होतं?

तेव्हापासून मी रोज वाट पाहतो आहे. कधी वाटायचं, आज उगवाल आणि म्हणाल की उभा माऊस सारखा आडवा पडतो. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. पण तुम्ही बिलावरच्या शब्दाला पक्क्या निघालात. आणि मंगळवारी ती हैदराबादची बातमी आली. तीन दिवस घालमेल केली आणि काल शनिवारी दुकान अर्धं बंद करून तुमच्या घरी गेलो. निमित्त काढलं होतं, वॉरंटी कार्डावर शिक्का मारायचा राहिला म्हणून. शिक्का आणि शाईचा पॅड खिशात घालून गेलो होतो, खिसा निळा झाला. सामान बांधायला आलेल्या तुमच्या अश्विननं दार उघडलं. पोरगा तुमच्यासारखाच हसतो. म्हणाला, “तुम्हीच का जितेंद्रजी? या ना काका. आई भिवापूरले गेली मामाकडे, सोमवारी येते.” तुम्ही माझं नाव घरी काढता हे मला पायपुसण्यावर उभ्या उभ्या कळलं. आत सगळीकडे पुठ्ठ्याची खोकी, दोऱ्या, अर्धी रिकामी कपाटं. मला ते बघवेना. मी म्हणालो, ते कार्ड तेवढं द्या, आईंचं मनगट आता कसं आहे? तो म्हणाला, “मनगट? आईले काय झालं मनगटाले? पाट्यावर वाटते ती अजून.” मग फ्रिजवरून तो माऊसचा खोका काढून दिला, वर घडी घातलेलं बिल, खोक्यावर मी लावलेली चिकटपट्टी तशीच. मी खोका उलटसुलट करून पाहिला. तेव्हा तो आपणहून म्हणाला, “मलेही समजलं नाही काका, आईनं हे काहून घेतलं. कॉम्प्युटर तर मागच्या वर्षीच दिवाळीत भंगारात दिला आम्ही. आई टॅबवरच काढते सगळं, पेननं.”

मागच्या वर्षीच्या दिवाळीत! म्हणजे बिनआवाजाचा नेलात तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता. गोळ्याचा नेलात तेव्हा नव्हता. भर मे महिन्यात डोकं गुंडाळून तुम्ही माझ्या दारात उभ्या होता, तेव्हा तुमच्या घरी माऊस लावायला जागाच नव्हती. आणि मी मूर्ख मनगटाच्या आकृत्या काढत बसलो, जेलच्या उश्या मागवल्या, तळवा मापला! एकदा, एकदा तरी सांगायचं होतं. निदान मला इतकं वाचायला तरी लावायचं नव्हतं. मी अश्विनकडून पाणी घेऊन प्यालो, कार्डावर शिक्का मारला, तोही उलटा उमटला, आणि खाली येऊन स्कूटरवर नुसता बसून राहिलो. चौकीदारानं येऊन विचारलं, पेट्रोल संपलं का म्हणून.

तर हे पत्र माऊस परत मागायला लिहिलेलं नाही, हे तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. गोपिकाबाई, तुम्ही जाऊ नका. माझ्याशी लग्न करा. वाक्य फार तुटक झालं आहे, पण याहून बरं जमेपर्यंत महिना संपेल. सकाळी अमरावतीला दीप्तीला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, मले काय सांगून राहिले? त्यांले विचारा ना आधी.” म्हणून विचारतो आहे. अश्विनकडे आपण दोघं जाऊ, हवं तितकं राहू, पण परत येऊ. लोक काय म्हणतील ते भैय्याजी मोठ्यानं सांगतीलच, या वेळी मी तिथेच उभा राहून ऐकेन आणि तुम्हाला तुमच्या नावानं हाक मारेन. तुम्हाला हे सगळं नको असेल तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. फक्त पुन्हा भाऊ म्हणू नका, ते मला सहन व्हायचं नाही. त्या दिवशी ताई म्हणालो ते भेदरून म्हणालो. वर्षभर तुम्ही एकट्यानं निमित्तं शोधलीत, उन्हातान्हात आलात, आणि मी काउंटरमागे बसून चहा सांगत राहिलो. आता तुम्ही आणखी काही शोधू नका. पत्र तुमच्या इमारतीच्या खालच्या पेटीत टाकतो आहे, सोमवारी भिवापूरहून आलात की मिळेल. मंगळवारी दुकान उघडं आहे. हातात काही नसलं तरी चालेल. नुसत्या या.

तुमचाच,
जितेंद्र